हातमागाचा किस्सा, या वेळी नीट

विशाखा,

रविवारी तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला बोलायला पाच मिनिटं दिली आहेत. राहुलने फोनवर तीनदा बजावलं, "अनघा, पाच म्हणजे पाच हं, चारला हॉल रिकामा करून द्यायचाय." तुझ्या नवऱ्याला माझा अनुभव आहे. माइक हातात आला की मी तो सहजासहजी सोडत नाही, हे त्याला तूच शिकवून ठेवलंस. फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "तो ग्रीसचा किस्सा सांग ना, हातमागाचा. सगळ्यांना आवडतो. मेत्तालापण."

हो, सगळ्यांना आवडतो. दोन वर्षांत मी तो किती ठिकाणी सांगितला असेल, देव जाणे. दिवाळीच्या गेट-टुगेदरला, पाडव्याला, ऑफिसमध्ये इंग्रजीतून, एकदा तर डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्ये. शेवटी मी हात असे पसरते आणि म्हणते, "रक्तातच असतं हो, जाणार कुठे?" आणि लोक हसतात, माना डोलावतात. तुझी मान कधी डोलली नाही. ते मला दिसायचं आणि तरी मी सांगायचे.

आता रविवारपर्यंत मला ठरवायचंय, की लोकांना आवडतो तो किस्सा सांगायचा की घडला तसा सांगायचा. घडला तसा सांगितला तर त्यात मी काही फार बरी दिसत नाही. समोर मेत्ता, तुझी पंधरा वर्षांची मुलगी, बसलेली असणार. म्हणून आधी तुला सांगून बघते. चुकलं तर थांबव. एरवी तू मला कधी थांबवलं नाहीस, तीच तुझी मोठी चूक होती.

तीन आठवडे झाले तुला जाऊन. कामावरून घरी आलीस, डोकं दुखतंय म्हणालीस, विमानाने तुला कालगुर्लीहून पर्थला नेलं आणि दोन दिवसांत सगळं संपलं. मी ॲडलेडहून पोचले तेव्हा तू बोलण्याच्या पलीकडे गेली होतीस. मी तरीही बोलत बसले. नर्सने मला खुर्ची आणून दिली, मग पाणी आणून दिलं, मग दार ओढून घेतलं. म्हणजे पर्थलाही माझी कीर्ती पोचली म्हणायची.

आपण भेटलो तेव्हा दोघी तेविशीच्या. ॲडलेडच्या मॉसन लेक्सला आपली युनिव्हर्सिटी, आणि जवळच त्या ग्रीक म्हातारीचं घर, जिला आख्खी गल्ली याया म्हणायची. याया म्हणजे आजी. मागच्या दोन खोल्या ती विद्यार्थिनींना द्यायची. मी पुण्याहून आलेली, आयटीवाली. तू उमरेडहून, मायनिंग इंजिनीअरिंगला. पहिल्याच दिवशी मी चहा पिता पिता तुला विचारलं, "आडनाव काय तुझं?" तू सांगितलंस आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिलीस. मी चेहरा जराही हलू दिला नाही. त्या दिवशी मला वाटलं, मी पास झाले, आणि तेही कायमची. तो पेपर नंतरही पुन्हा द्यावा लागतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तू मायनिंग शिकतेस म्हटल्यावर आपल्याकडच्या प्रत्येकाने "मुलगी असून?" असं विचारलं होतं. याया एकटी खूश झाली. तिचे वडील नॅक्सोस बेटावर, अपिरांथोस नावाच्या डोंगरातल्या गावात, कुरुंदाच्या खाणीत होते. तो काळा दगड, ज्याचा पॉलिश पेपर बनतो. "गर्ल इन माइन, गुड," ती म्हणायची. "माय फादर, ऑल लाइफ माइन. हिज चेस्ट, फिनिश." आणि मग अंगणातल्या अंजिराखाली बसून आपल्याला गावाचं वर्णन. संगमरवरी फरशीच्या गल्ल्या, हातमागावर बसलेली धाकटी बहीण, खाली समुद्र. "यू टू गो. यू गो, यू ईट फॉर मी." आपण हो हो म्हणायचो. तेव्हा आपल्याला ग्लेनेल्गच्या बीचवर जायलाही पार्ट-टाइम कामाच्या शिफ्टमधून सुट्टी मिळत नव्हती.

मग सतरा वर्षं गेली. तू कालगुर्लीला सोन्याच्या खाणीत, राहुल तिथल्याच हॉस्पिटलात नोकरीला, मेत्ता झाली. मी इथेच, ॲडलेडमध्ये, नवरा आणि दोन मुलगे. चाळिशी पूर्ण झाली म्हणून आपण ठरवलं की घरच्यांना बारा दिवस सोडायचं आणि यायाचं गाव बघायचं. ठरवलं तू, केलं मी. एक्सेल शीट बनवलं. तीन रकाने: गाव, कारागीर, किनारा. प्रत्येक दिवसाला तिन्हीमधलं एकेक, वेगवेगळ्या रंगात. तू ते उघडून बघितलंस आणि माझं नाव टूर लीडर ठेवलंस. बारा दिवस तू मला त्याच नावाने हाक मारलीस आणि मला ते मनापासून आवडलं, हे आता कबूल करते.

किनारे तुझे आवडते निघाले. कालगुर्लीच्या लाल धुळीत राहणारी तू, प्लाका बीचवर पहिल्याच दिवशी पाण्यात गेलीस ती बाहेरच येईना. पोहता येत नव्हतं. मी तुझ्या पाठीखाली हात धरून तुला तरंगायला शिकवलं. "हात काढू नको हं," तू म्हणत होतीस. अर्ध्या तासाने डोळे मिटून, कान पाण्यात, अशी पडून राहिलीस की मी दोनदा जवळ येऊन बघून गेले. तिथे मला पहिल्यांदा जाणवलं की तू थकली आहेस. मी विचारायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हटलं, "चल, साडेतीनला कुंभाराकडे जायचंय."

कारागिरांकडे मात्र तू माझा जीव खाल्लास. त्या दमालास गावच्या कुंभाराकडे मला फोटो हवे होते, चाकावरचे हात, दारातून येणारा उजेड वगैरे. तू त्याला विचारत होतीस, "सकाळी किती वाजता बसता? कंबर दुखते का? मुलं हेच करतात?" तोही काम थांबवून, कंबरेवर हात ठेवून, सविस्तर सांगायला लागला. मुलगी अथेन्सला दातांची डॉक्टर आहे म्हणाला आणि एवढा फुलून आला की त्याने आपल्याला तिचा फोटो दाखवला. माझा उजेड गेला. गाडीत मी कुरकुर केली, "अगं, सुट्टीवर आलीयेस की सेफ्टी ऑडिटला?" तू म्हणालीस, "तू भांडं बघ ना, मी माणूस बघते." मी हसले. मला वाटलं, तुझं हे कामावरचं खूळ आहे.

आता अपिरांथोस.

यायाची बहीण, कातिना, ऐंशीच्या पुढची. गल्लीच्या टोकाला तिची खोली, अर्धी खोली त्या हातमागानेच भरलेली. भिंतीवर विणलेल्या पट्ट्या, पिशव्या, टॉवेल. तिला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून आपण फोनवर व्हिडिओ कॉल लावून ॲडलेडच्या एज्ड केअरमध्ये बसलेल्या यायाला दुभाषी केलं. तिथे संध्याकाळ होती आणि ती खास लिपस्टिक लावून बसली होती. मी एका हातात तुझा तो फोन आणि दुसऱ्या हातात माझा फोन धरून शूटिंग करत होते.

विणता विणता कातिनाचा एक उभा धागा तुटला. तिला नीट दिसत नव्हतं, बोटांनी चाचपत टोक शोधत होती. तू वाकलीस. टोक बरोबर शोधलंस, जोडायला दुसरा धागा घेतलास, दोन बोटांत काहीतरी फिरवलंस, गाठ ओढलीस आणि उरलेलं दातांनी तोडलंस. हे सांगायला लागतोय एवढा वेळही लागला नाही. गाठ फणीतून अलगद निघून गेली. कातिना मागावरून हात काढून तुझ्या हातांकडे बघत राहिली. मग तिने काहीतरी विचारलं आणि फोनमधून याया म्हणाली, "शी आस्क, हू टीच यू?"

तू तोंड उघडायच्या आत मी उत्तर दिलं. मी कुठे गप्प बसते. "नोबडी, याया. हर ग्रँडफादर वॉज अ वीव्हर. इट्स इन हर ब्लड." आणि माझ्या शूटिंगसाठी मराठीत, "बघा, रक्तातच असतं, जाणार कुठे?"

यायाने भाषांतर केलं. कातिनाने मान हलवली, बोटांच्या पेरांवर दुसऱ्या हाताने चापटी मारून दाखवली आणि बोलली. याया म्हणाली, "शी से नो. समबडी टीच. शी से, समबडी हिट." मी समजले, म्हाताऱ्यांचा काहीतरी गोंधळ झालाय. कातिनाने सरकून जागा दिली, तू बसलीस आणि दोन तास उठली नाहीस. ती नऊ वर्षांची असताना तिला मागावर बसवलं होतं, तिला शाळामास्तरीण व्हायचं होतं, हे सगळं यायाच्या तुटक इंग्रजीतून तू विचारून घेतलंस. मी तोवर बाहेर पायरीवर बसून व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "रक्तातली कला." अर्ध्या तासात साठ अंगठे.

तिथून आपण वळणावळणाच्या रस्त्याने खाली मुत्सुनाला गेलो. छोटं बंदर, कधीकाळी डोंगरातल्या खाणींचा माल उतरायचा ते. रस्त्याच्या कडेने त्या जुन्या रोपवेचे लोखंडी खांब. एरवी तू प्रत्येक खांबाला गाडी थांबवायला लावली असतीस. त्या दिवशी नाही. पाण्याच्या काठच्या हॉटेलात बसलो, मासे मागवले आणि तू फोन माझ्यासमोर धरलास. माझी पोस्ट.

"हे काढ."

"का? मस्त आलाय. बघ तुझी काकूपण लिहितेय..."

"अनघा, काढ."

तू मला अनघा म्हणालीस तिथेच मला कळायला हवं होतं. मी म्हटलं, "अगं, कौतुक करतेय मी तुझं."

"कौतुक करून राहिली तू, समजते मले." चिडलीस की तुझं उमरेड बाहेर यायचं. "रक्तात काय असते सांगू तुले? हिमोग्लोबिन. माझं तर तेही कमी आहे. गाठ मले आजोबांनी शिकवली. चार उन्हाळे. सात वर्षांची होती मी. पहिल्या उन्हाळ्यात माझं एक वीतभर कापड सरळ आलं नाही. आजोबा सगळं उकलायचे आणि उकलताना तोंडातून शब्द काढायचे नाही. मी रडून राहिली असायची. तिने विचारलं, कोणी शिकवलं. अन् तू काय म्हटलं? नोबडी. माझ्या आजोबांना तू नोबडी म्हटलं."

मासे आले. आपण दोघींनीही हात लावला नाही. मी खरं तर तिथेच थांबायला हवं होतं, पण थांबले असते तर ती मी नव्हे. मी म्हटलं की आमच्या घरात गाण्याबद्दलही असंच म्हणतात, माझी आत्या गायची, मी गाते, रक्तातच आहे म्हणतात, त्याचं कोणी वाईट वाटून घेत नाही.

"तुझ्याबद्दल म्हणू दे ना. तुमच्या रक्तातून गाणंच निघते. आमच्या रक्तात काय काय आहे, ते गावाने आधीच ठरवून ठेवलं होतं. कोणी काय करायचं, कुठे राहायचं, कुठलं पाणी प्यायचं. त्यातून निघायला माझ्या घरची तीन माणसं जन्मभर राबली. आजोबांनी धम्म घेतला, बाप कोळशाच्या खाणीत उतरला, मी इथपर्यंत आली. अन् तू एका व्हिडिओत मले परत तिथे नेऊन बसवलं. आठ वर्षं क्लासला गेली तू गाण्याच्या, त्याला तू रियाज म्हणते. माझ्या चार उन्हाळ्यांना काय म्हणते? रक्त."

आणि मी ते वाक्य बोलले. रविवारी हे सांगायचं की नाही, यावरच माझं अडलंय. मी म्हटलं, "तू प्रत्येक गोष्टीत हेच आणतेस, विशाखा. निदान सुट्टीत तरी नको."

तू उठलीस. चपला घातल्यास आणि रोपवेच्या खांबांकडे चालत गेलीस. मी व्हिडिओ काढून टाकला, पण रागाने. थोड्या वेळाने तुझ्यामागे आले तेव्हा तू वर लटकणाऱ्या त्या गंजक्या डब्यांकडे बघत होतीस. माझ्याकडे न बघता म्हणालीस, "यायाने सांगितलं होतं ना, इथला कुरुंद खणायचा हक्क या गावांच्याच लोकांना, पिढ्यान् पिढ्या. बघ, यांना वारशाने हक्क मिळाला. आमच्याकडे वारशाने कामच तेवढं मिळायचं." एवढं बोलून तू गाडीत जाऊन बसलीस. परतीच्या तासाभराच्या रस्त्यात मी टूर लीडर असूनही दोनदा वाट चुकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू माझ्या दारात अंजिरं घेऊन उभी. "चल, आज शीटमध्ये कोणता बीच आहे?" मी इतकी सुटले की विचारलंच नाही, भांडण मिटलं की तू फक्त ते बाजूला ठेवलंस. उरलेले सहा दिवस मजेत गेले. अगदी खऱ्या मजेत, त्यावर मी कोणाचंही काही ऐकून घेणार नाही. तू आलिकोच्या किनाऱ्यावर देवदारांच्या सावलीत झोपलीस, मी तुझ्या टोपीत वाळू भरली, तू ती तशीच डोक्यावर घातलीस. चाळीस वर्षांच्या दोन बायका.

एका बाबतीत मात्र मी अजूनही मागे हटत नाही. तुला त्या मागावर आनंद झाला होता. मी बघितलंय. आडवा धागा नेणारा धोटा एका हातातून दुसऱ्या हातात जाताना तुझा चेहरा असा झाला होता की मी तुला असं कधीच पाहिलं नव्हतं, तुझ्या लग्नातही नाही. परतीच्या विमानात मी ते बोलून दाखवलं. तू म्हणालीस, "हो, झाला. कारण मला पाहिजे तेव्हा उठता येत होतं." मी म्हटलं, मग कालगुर्लीत गॅरेजमध्ये एक माग बसव, गॅरेज तर केवढं आहे. तू म्हणालीस, "बघू." तू बघितलं नाहीस, मी पुन्हा म्हटलं, तू पुन्हा बघू म्हणालीस. हे आपलं भांडण अर्धवट राहिलं आणि त्यात माझी बाजू बरोबर आहे. आहेच. तू असतीस तर मी ते तुझ्या गळी उतरवलं असतं.

पण किस्सा. व्हिडिओ काढून टाकला तरी किस्सा माझ्या तोंडात राहिला. परत आल्यावर पहिल्याच दिवाळीला कोणीतरी विचारलं, ग्रीस कसं होतं, आणि मी सुरू झाले. टाळी पडली, मग काय. एकदा तर तू समोर होतीस. मेत्ताची शाळेची सुट्टी म्हणून तुम्ही तिघं ॲडलेडला आला होता, आमच्या घरी पंधरा-वीस माणसं. मी हात पसरले, "रक्तातच असतं हो..." तू ताटात बघत होतीस. सगळे हसले आणि तू शेजारच्या बाईला म्हणालीस, "जरा चटणी द्या." तेव्हा मला सगळं आठवलं. मुत्सुना, मासे, तू, सगळं. तरी मी पुढच्या आठवड्यात ऑफिसमध्ये तोच किस्सा सांगितला.

का सांगत राहिले? मी खूप विचार केला आणि उत्तर साधं आहे. त्या किश्श्यात मी चांगली दिसते. मैत्रिणीचं तोंडभर कौतुक करणारी, मोठ्या मनाची. तू सांगितलेला किस्सा सांगायचा तर त्यात मी तू तोंड उघडायच्या आधी बोलणारी, आजोबांना खोडून टाकणारी बाई आहे. मी तशी आहे हे मला चालेल, पण पंधरा-वीस लोकांना कशाला सांगा.

शेवटचा फोन जाण्याच्या आठ दिवस आधीचा. तुझा स्मोको, म्हणजे चहाची सुट्टी, चालू होता, मागे ट्रकचा आवाज. तू म्हणालीस, "डिसेंबरात येतेस ना? ते मागाचं एकदा आपण नीट बोलू. निवांत." मी म्हटलं, "कुठलं? अगं हो, ते. नो वरीज, बोलू की." मी गाडी पार्क करत होते. तू म्हणालीस, "ठेवते मग." मी आधी फोन ठेवला.

परवा आर्व्होला, म्हणजे दुपारी, मेत्ताचा फोन आला. राहुलचं नाव दिसलं म्हणून उचलला तर ती. आधी माझ्या मुलांची चौकशी केली. मग म्हणाली, "आंटी, डॅड सेज यू आर टेलिंग द लूम स्टोरी."

"हो. बहुतेक. का गं?"

"इट्स फाइन. इट्स अ गुड स्टोरी." मग हळूच, "आय ट्राइड इट, यू नो. शाळेत, टेक्स्टाइल्सच्या तासाला. यर नाइन. माझं सगळं वाकडं आलं, लाइक, रिअली बॅड. मी मॉमला दाखवलंच नाही. आय जस्ट बिन्ड इट."

"दाखवायचं ना तिला."

"व्हॉट्स द पॉइंट? इट्स इन द ब्लड, राइट? आय गेस आय डिडंट गेट इट."

विशाखा, मी स्वयंपाकघरात होते, गॅस बंद केला. तू मुत्सुनाला जे सांगत होतीस, ते मला त्या दिवशी समजलंच नव्हतं. मला वाटलं होतं, तुझं मन दुखावलं, एवढंच. आता तुझ्या मुलीच्या तोंडून ऐकलं. माझ्या टाळीच्या वाक्याने ती मागावरून उठली होती. तू घरी असताना, दोन खोल्यांपलीकडे बसलेली असताना, तिने ते वाकडं कापड कचऱ्यात टाकलं. तुला कळलं असतं तर तू तिला शेजारी बसवलं असतंस. मला खात्री आहे.

मी तिला सांगितलं. सगळं, अपिरांथोसपासून. मी यायाला काय उत्तर दिलं, तू मला काय म्हणालीस, मी तुला काय म्हणाले. ते वाक्यही सांगितलं. मग सांगितलं की तू सात वर्षांची होतीस, चार उन्हाळे लागले, पहिल्या उन्हाळ्यात वीतभरही सरळ आलं नाही, आजोबा एक शब्द न बोलता उकलायचे आणि तू रडायचीस.

मेत्ताने सगळं ऐकून घेतलं. मग, "सो शी वॉज बॅड ॲट इट?"

"भयंकर."

"लाइक मी बॅड?"

"तुझं निदान शिक्षिकेने पूर्ण करू दिलं. तिचं पूर्ण व्हायच्या आतच उकलायचे."

ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि मी पण. किती वेळ ते माहीत नाही, मी घड्याळ बघितलं नाही, जे माझ्या बाबतीत तू विश्वास ठेवणार नाहीस. शेवटी ती मराठीत म्हणाली, तुटक, तुझ्या उमरेडच्या वळणाने, "मले कोणी सांगितलंच नाही." मग नाक ओढलं. "टेल दॅट वन, आंटी. संडेला."

तेव्हा ठरलं. माझी पाच मिनिटं मी अशी वापरणार आहे. आधी तुझ्या आजोबांचं नाव सांगणार, ते मी आज सकाळी राहुलकडून विचारून घेतलं. मग सांगणार की त्यांनी तुला शिकवलं, किती वर्षं, कसं. मग सांगणार की हा किस्सा मी दोन वर्षं खोटा सांगत आले, तुझ्यासमोरसुद्धा, आणि तू मला मुत्सुनाला खरा सांगितला होतास तेव्हा मी ऐकून घेतलं नाही. ते एक वाक्य, सुट्टीत तरी नको म्हणालेलं, तेही तसंच सांगणार. लोक हसणार नाहीत. चालेल मला.

आपल्यात एकोणीस वर्षं सॉरीवर भागत आलं. उशीर झाला सॉरी, चहा सांडला सॉरी, फोन घेतला नाही सॉरी. यासाठी मी तेही म्हटलं नाही, आणि आता म्हणायला घेतलं तर ते फार हलकं वाटतंय. म्हणून आपल्या भाषेत म्हणते, आणि रविवारी उभी राहून मेत्तासमोर पुन्हा म्हणेन. माझं चुकलं, विशाखा. मला माफ कर.